कमानीच्या वाटेवरची नवसाची घरं

"तुमचं बरं आहे ताई, फुकटात जग पाहता!"

हे वाक्य मी लग्नात ऐकलं, दवाखान्यात ऐकलं, गोलबाजारात मेथीची जुडी निवडताना ऐकलं आणि एकदा तर चक्क मयतीत ऐकलं. आधी हसून सोडून द्यायचे. आता नाही सोडत. आता विचारते, "बाई, परक्या माणसाची कवळी विमानाच्या संडासात शोधली आहे का कधी? भर बाजारात हरवलेल्या सासूसुनेचं भांडण परक्या देशाच्या पोलिसाला समजावून सांगितलं आहे का?" मग समोरची बाई मेथी निवडायला लागते.

मी टूर मॅनेजर. वर्ध्यातल्या एका सहल कंपनीत केस पांढरे केले. कंपनी म्हणजे फार मोठं काही समजू नका. खाली ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांचं बुकिंग, वर मालकांची केबिन, आणि जिन्यात आमचं सामान. पण आमच्या गाड्यांतून, विमानांतून पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, देवळीची माणसं पार जगाच्या टोकापर्यंत गेली आणि, हे महत्त्वाचं, परत आली. परत आणणं हेच माझं काम. बाहेरच्यांना वाटतं की मॅनेजर म्हणजे हातात झेंडी धरून पुढं चालणारा. तो गाइड. तो मिरवतो. मॅनेजर सगळ्यात शेवटी चालतो. ज्याचा गुडघा दुखतो, ज्याला दर दहा पावलांनी लघवीला जायचं असतं, ज्याची बायको रुसून मागे बसलेली असते, त्या सगळ्यांच्या मागे. माझ्या मागे कोणीही उरलेलं नाही, एवढं कळलं की माझा दिवस भरला.

हे सांगण्याचं कारण असं की एकदाच मी शेवटी चालले नाही, आणि त्याचं जे रामायण झालं त्यावरून अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "काहीतरी गमतीदार लिहा" म्हणून सांगितलं होतं. गंमत असेल त्यात तर वाचकांनी शोधावी.

अमेरिकेच्या पश्चिमेला युटा नावाचं राज्य आहे. तिथल्या वाळवंटात लाल दगडांचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलाब आणि घसरगुंडी येते. तिथं झाड म्हणाल तर कंबरेएवढं, वाकडं, आणि सावली म्हणाल तर स्वतःचीच. पण तिथं दगडाच्या कमानी आहेत. माणसानं घडवलेल्या नाहीत. वाऱ्यानं, पाण्यानं आणि हिवाळ्यातल्या बर्फानं डोंगराच्या भिंती पोखरून पोखरून आरपार केल्या, वरचा भाग तेवढा पुलासारखा राहिला. आपल्याकडचा काळा दगड घणानं फुटत नाही. तिकडचा दगड म्हणजे दाबून वळलेला रव्याचा लाडू. बोटानं घासलं तर वाळू हाताला लागते. त्यामुळे कमानीवर चढायचं नाही, दगडावर काही कोरायचं नाही, आणि वाट सोडायची नाही, हे तिथले तीन कडक नियम. वाट सोडायची नाही कारण तिथली मातीही जिवंत असते. वरून काळसर, खरबरीत पापुद्रा दिसतो ना, तो सूक्ष्म जिवांनी वर्षानुवर्षं विणलेला असतो. आपला एक बूट पडला की तो मोडतो आणि तो पुन्हा धरेपर्यंत आपली नातवंडं म्हातारी होतात.

हे मी बसमध्ये प्रत्येक वेळी सांगायचे. प्रत्येक वेळी बसमध्ये कोणीतरी चिवडा वाटत असायचं.

एका सहलीत नव्या लग्नाच्या जोडप्यानं हॉटेलच्या किल्लीनं दगडावर बदाम कोरायला घेतला. मी हात धरला तर नवरदेव म्हणतो, "आठवण राहील ना मॅडम." मी म्हटलं, "लेका, बायकोला चांगलं वागवशील तर तशीही राहील." दुसऱ्या एका सहलीत एक आजी प्रत्येक कमानीखाली चप्पल काढून उभ्या राहायच्या आणि हा कोणत्या देवाचा दरवाजा म्हणून विचारायच्या. त्या आजींवर मात्र मी कधी रागावले नाही. त्यांनी निदान चप्पल काढली होती.

आता मुख्य गोष्ट. गेल्या काही वर्षांतली. मे महिन्यात निघालेली सहल, सगळी मंडळी आपल्या जिल्ह्यातली. त्यात पुलगावजवळच्या एका खेड्यातले वानखेडे काका आणि काकू होते. काका जन्मभर शेतीत राबलेले, गुडघ्यानं अधू, बोलायला कमी. मुलगा प्रवीण नागपूरला नोकरीला, त्यानं हौसेनं आईबापाला पाठवलेलं. आणि होते गावंडे साहेब. सरकारी बांधकामात इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त झाले खरे, पण साहेबपण अजून सेवेत होतं. पहिली कमान पाहून मला म्हणाले, "डिझाइन कोणाचं?" मी म्हटलं, "निसर्गाचं." तर म्हणतात, "तसं नाई ओ. मेन्टेनन्स कोणाकडे हाय?"

मोठ्या कमानीकडे निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना बजावलं की सकाळी लवकर चालायला लागू, भरपूर पाणी घ्या, टोप्या घ्या. गावंडे साहेब हसले. "ताई, आमी वर्ध्याचे हाओ. उन्हाचं आमाले काय सांगता?"

इथंच तर सगळी मेख आहे. वर्ध्याचा माणूस उन्हाला भितो म्हणून जगतो. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. पण तोच माणूस अमेरिकेत गेला की त्याला वाटतं, हे फॉरेनचं ऊन, हे काय लागणार? त्यात तिथली हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि आला तसा उडून जातो. अंग कोरडं म्हणून माणूस पाणी पीत नाही, आणि पीत नाही म्हणून पडतो. सगळ्या बसमध्ये एकट्या वानखेडे काकांनी डोक्याकानाला दुपट्टा गुंडाळला होता आणि ऊन बाधू नये म्हणून खिशात पांढरा कांदा ठेवला होता. तो कांदा त्यांनी विमानतळाच्या तपासणीतून कसा आणला हे मी विचारलं नाही, कारण काही गोष्टी मॅनेजरनं विचारायच्या नसतात.

त्या उद्यानात मोठ्या कमानीकडे जाणारी वाट काही अंतर उघड्या कातळावरून जाते. कातळावर पायवाट उमटत नाही. मग वाट कळावी म्हणून उद्यानाची माणसं ठरावीक जागी दगडावर दगड रचून ठेवतात. गुडघ्याएवढी उतरंड. एका उतरंडीपाशी पोचलं की पुढची दिसते. ती पाहत पाहत जायचं. धुकं असो, वाळू उडो, उतरंड सोडली नाही तर माणूस चुकत नाही. म्हणून त्या उतरंडींना हात लावायचा नाही, आणि आपल्या मनानं नवी रचायची तर मुळीच नाही.

मी हे सांगितलं होतं. छातीवर हात ठेवून सांगते, सांगितलं होतं. चिवडा वाटणं चालू होतं.

आपल्याकडे डोंगरावरच्या देवाला जाताना वाटेच्या कडेला लोक दगडावर दगड ठेवून छोटं घर रचतात. जेवढे मजले रचाल तेवढं मोठं घर देव देतो अशी समजूत. पाहिलं असेल तुम्ही, कदाचित रचलंही असेल. मला त्यात वाईट काही वाटत नाही. भाड्याच्या खोलीत संसार काढणाऱ्या बाईनं चार दगड रचून घर मागितलं तर कोणाचं काय जातं? पण जागा पाहावी की नाही!

वानखेडे काकूंनी कातळावर पहिली उतरंड पाहिली आणि त्यांना भरून आलं. "माय वं, हितं बी लोकं घर मागतेत!" प्रवीणला नागपुरात स्वतःचं घर नव्हतं. काकूंचा जीव त्यातच अडकलेला. त्या पुढच्या घोळक्यात होत्या. त्यांनी विचार केला की वाटेवर रचलं तर कोणाचा पाय लागेल, म्हणून वाट जिथं उजवीकडे वळते तिथं त्या सरळ डावीकडच्या पट्ट्यावर गेल्या आणि चांगलं ठसठशीत घर रचलं. करंड्यातून कुंकू काढून वरच्या दगडाला लावलं. झालं! एकीचं पाहून दुसरीला सुचलं, दुसरीचं पाहून तिच्या नवऱ्याला. सपाट दगडांच्या शोधात एकेक जण थोडं थोडं पुढं सरकत गेला. शेवटचं, सगळ्यात पुढचं आणि सगळ्यात उंच घर गावंडे साहेबांचं. साहेबांचे वर्ध्यात दोन बंगले आहेत. तिसऱ्याचं रचत असतील.

मी हे काहीच पाहिलं नाही. मी मागे काकांसोबत होते, उतारावर, त्यांचा गुडघा सांभाळत. तेवढ्यात पुढून बायकांचा आरडाओरडा आला, "ताई, साहेब कमानीवर चढून राह्यले!" नवसाचं आटोपून सगळे पुन्हा वाटेवर येऊन कमानीपाशी पोचले होते, आणि साहेब कमानीच्या खांद्यावर फोटोसाठी चढले होते. रव्याच्या लाडवावर! खाली दरी. पडले तर मरतील, नाही पडले तर तुरुंगात जातील.

काका म्हणाले, "तुमी व्हा पुढं ताई. मी येतो हयू हयू."

मी म्हटलं, "काका, त्या दगडांच्या उतरंडी पाहत या. एकीवरून दुसरीवर. चुकणार नाही."

"बराबर," काका म्हणाले.

मी वाट पाठ असलेली. खाली मान घालून धावत सुटले, डावीकडे पाहायचं मला कारणच नव्हतं. कमानीपाशी पोचून साहेबांना खाली उतरवण्यात बराच वेळ गेला, कारण साहेबांना आधी फोटो हवा होता. ते उतरले, मी माणसं मोजली. काका आले नव्हते.

काकू म्हणाल्या, "येत असन मांगून." आम्ही थांबलो. ऊन टाळूवर आलं. वाटेवर एवढंसुद्धा हलत नव्हतं. काकूंच्या पिशवीत काकांची पाण्याची बाटली होती, ओझं नको म्हणून त्यांनीच घेतलेली. ती बाटली त्यांनी बाहेर काढली आणि हातात धरून बसल्या.

मी उद्यानाच्या चौकीला फोन लावला आणि उलट धावले. वळणाशी आले आणि मला डावीकडे कुंकू दिसलं. लाल दगडावर लाल कुंकू, पण उन्हात चमकत होतं. त्याच्या पुढं दुसरी उतरंड. त्याच्या पुढं तिसरी. कातळाच्या उतरत्या पट्ट्यावर ओळीनं, एकीवरून दुसरी दिसेल अशी, अगदी मी सांगितलं होतं तशी! मी त्याच ओळीनं खाली निघाले. काकांनी माझं ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकलं होतं.

साहेबांच्या उतरंडीपुढं कातळ एकदम तुटत होता आणि खाली कोरडा नाला होता. काका त्या नाल्यात, कपारीच्या सावलीत बसले होते. घसरत खाली गेलेले, हात सोललेले, आणि वर चढायला गुडघा साथ देईना. ओठांना भेगा पडल्या होत्या. दुपट्टा चेहऱ्यावर ओढून घेतला होता. मी वरून हाक मारली तर म्हणाले, "ताई, पुढचा दगडच दिसून नाई राह्यला."

तिथल्या वनरक्षक मुलीनं आणि तिच्या माणसांनी दोर टाकून त्यांना वर काढलं. सलाइन लावलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं, दुपट्ट्यानं आणि सावलीनं वाचवलं.

काकांना नेल्यावर तिथंच त्या वनरक्षक मुलीनं आमच्या लोकांना विचारलं की या उतरंडी कोणी रचल्या? आमची सगळी मंडळी आभाळाकडे पाहायला लागली. ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे, ज्यांनी रचल्या त्यांनी मोडाव्यात, नाहीतर उद्या कोणी दुसरं मरेल." मी मराठीत सांगितलं. कोणी जागचं हललं नाही. मग एक बाई म्हणाल्या, "नवसाचं घर आपल्या हातानं मोडत नाईत ताई. अपशकुन असते." गावंडे साहेब म्हणाले, "राहू द्या ना. कोणाचं काय खाऊन राह्यले?"

कोणाचं काय खातात! एक माणूस आत्ता दोरानं ओढून काढला होता!

मी लाथा घातल्या. हो, लाथा. पहिल्या उतरंडीपासून शेवटच्यापर्यंत एकेक उडवत गेले. साहेबांच्या बंगल्याला दोन लागल्या. साहेब मोबाइलवर चित्रीकरण करत होते. माणूस शोधायला गेलो होतो तेव्हा त्या मोबाइलची बॅटरी संपली होती म्हणे.

काकांना दवाखान्यातून घेऊन निघालो तेव्हा बसमध्ये काकू माझ्या शेजारी येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "ताई, पयलं घर माहं होतं. कुंकवाचं." मी म्हटलं, माहीत आहे. कुंकवाचा करंडा मी त्यांच्याच पिशवीत पाहिला होता. त्यांनी माझा हात घट्ट धरला. "यायले नका सांगू. कोणालेच नका सांगू. नवऱ्याले मारणारी म्हणतीन मले लोकं." रडत होत्या. मी शब्द दिला. काका वाचले होते, आणखी कोणाला फाडून खायची मला गरज वाटली नाही.

वर्ध्याला परत आल्यावर तो व्हिडिओ सहलीच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरला. त्यात नाला नाही, दोर नाही, काका नाहीत. फक्त मी, माझे बूट आणि कुंकू लावलेले दगड. मग तक्रार आली, जवळपास सगळ्यांच्या सह्यांची, की मॅनेजर बाईंनी आमच्या श्रद्धेला लाथ मारली, त्यांनी स्नेहमेळाव्यात जाहीर माफी मागावी. आणि साहेबांनी गटावर एक ओळ खास टाकली होती: "त्यांच्यात नवस वगैरे नसतात, त्यांना काय कळणार."

आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म स्वीकारला तेव्हा घरातले देव पवनारला नेऊन धाम नदीत सोडले. पण सोडताना टोपलीवर स्वच्छ धुतलेलं फडकं घातलं होतं, असं आजी सांगायची. दुसऱ्याच्या श्रद्धेशी कसं वागावं हे मला साहेबांनी शिकवायचं? आयुष्यभर यांची पारायणं, यांचे उपवास, यांचं कांदा-लसूण नसलेलं जेवण मी परदेशात सांभाळलं. संकष्टीला चंद्रोदय किती वाजता ते बर्फाच्या देशात शोधून सांगितलं. तेव्हा "त्यांच्यात" कोणी काढलं नव्हतं.

मालकांनी बोलावलं. मालक माणूस वाईट नाही, पण गिऱ्हाईक म्हटलं की त्यांचा कणा मऊ होतो. म्हणाले, "ताई, दोनच शब्द तर म्हणायचे आहेत. तुमचं काय जातं?"

"काय जातं ते मेळाव्यात सांगते," मी म्हटलं.

सहलीनंतरचा स्नेहमेळावा म्हणजे आमच्या धंद्यातली रीत. एक हॉल घ्यायचा, जेवण द्यायचं, फोटो दाखवायचे, पुढच्या सहलीची पत्रकं वाटायची. मी गेले ती भांडायच्याच तयारीनं गेले. आणि दारातच मला वानखेडे काका दिसले. खुर्चीत बसलेले, शेजारी प्रवीण. काकांचा हात प्रवीणनं धरून ठेवला होता, लहान पोराचा धरतात तसा.

मी विचारलं, "काका, तब्येत काय म्हणते?"

उत्तर प्रवीणनं दिलं. "तब्येत बरी आहे ताई, पण आता डोक्याचं जरा... तिकडे भटकले ना. सगळे पुढं सरळ गेले आणि हे एकटेच दुसरीकडे! डॉक्टरला दाखवलं. आता एकटं सोडत नाही आम्ही. वावरात जाणं बंद केलं, सायकल विकून टाकली. रविवारी मी नागपूरहून येतो, बाजारातही मीच नेतो."

काका खाली पाहत होते. जेवणाच्या रांगेत मागून कोणीतरी हसत म्हणालं, "काका, ताट हिकडं हाय बरं, भटकजो नोको!" आणि रांगेतले सगळे खिदळले. गावंडे साहेबसुद्धा. ज्यांच्या उतरंडीशी वाट संपली ते गावंडे साहेब! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. चांगल्या शुद्धीतल्या, सांगितलेलं तंतोतंत ऐकणाऱ्या माणसाला या लोकांनी बह्याड ठरवलं होतं, आणि त्यावर पोटभर हसून श्रीखंड खाल्लं होतं.

मी काकूंकडे पाहिलं. त्या बायकांच्या घोळक्यात होत्या. माझी नजर चुकवली. त्यांना हे सगळं माहीत होतं. रोज घरात पाहत होत्या. माझा राग त्यांच्यावरही गेला, खोटं कशाला सांगू? मी शब्द दिला होता लाज झाकायला, नवऱ्याला घरात कोंडायला नव्हे.

काका हात धुवायला उठले तेव्हा मी मागे गेले. ते मला म्हणाले, "ताई, एक विचारू का? तुमी सांगतलं तसाच चाललो होतो मी. दगड पाहत पाहत. मंग माहं चुकलं कुठं?"

"काका, तुमचं काही चुकलं नाही," एवढंच म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पटलं नाही. चूक नसती तर सायकल कशाला विकली असती?

जेवणानंतर मालकांनी माइक माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "मी लाथा मारल्या. पुन्हा तिथं गेले आणि पुन्हा असं काही दिसलं तर पुन्हा मारीन. माफी मागणार नाही. माफी तुम्ही मागायची आहे, आणि माझी नाही, वानखेडे काकांची. काका भटकले नव्हते. मी त्यांना उतरंडी पाहत या म्हणून सांगितलं होतं, आणि ते उतरंडी पाहतच गेले. उतरंडी तुमच्या होत्या."

गलका झाला. मालक माझ्या हातातला माइक घ्यायला धावले. गावंडे साहेब उभे राहिले. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याले! देवाच्या नावावर बिल फाडून राह्यल्या तुमी. आमी सगळे बराबर पोचलो, मंग हेच कसे गेले? असंन तर नाव घ्या ना. कोणाच्या दगडानं गेले? सांगा!"

माझ्या जिभेवर आलं होतं. वळणावरची पहिली उतरंड कोणाची, हे मला ठाऊक होतं, आणि ती नसती तर पुढच्या कुठल्याच उतरंडीकडे काका वळले नसते. पण शब्द दिलेला. मी म्हटलं, "सगळ्यांच्या."

"सगळ्यांच्या म्हंजे कोणाच्याच नाई," साहेब हसले. बसलेले लोकही हसले. प्रवीण काकांना म्हणाला, "चला बाबा, जाऊ आपण घरी." आणि त्यानं पुन्हा त्यांचा हात धरला.

"माह्या."

बायकांच्या घोळक्यातून आवाज आला. काकू उभ्या होत्या. पदर डोक्यावर ओढलेला. "माह्या दगडानं गेले. पयलं घर म्या बांधलं, वाट सोडून. त्यायनं ते पाह्यलं अन् तिकडं गेले. प्रवीणले घर व्हावं म्हून बांधलं होतं." मग त्या प्रवीणकडे वळल्या. "सोड तुह्या बापाचा हात. त्यायले काई झालं नाई. इतके दिवस मीच चूप बसली."

गावंडे साहेबांनी खुर्ची मागे ओढली आणि बसले. मला वाटलं काका आता काकूंवर चिडतील, निदान काही बोलतील. कोणालाही राग आला असता. मला तर काकांच्या वतीनंही आला होता.

काका काकूंकडे पाहतच राहिले. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला. ते प्रवीणला म्हणाले, "आयकलं का? म्हंजे मी बराबरच गेलतो ना?"

"हो बाबा," प्रवीण म्हणाला.

"बराबरच गेलतो!" काका पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं.

खाली प्रवीणची गाडी उभी होती. त्यानं दार उघडलं, काकू आत बसल्या. काका बसेनात. म्हणाले, "मले बजारात काम हाय. मी सांजच्या एसटीनं येईन." प्रवीण काही बोलणार होता, पण काकूंनी आतूनच त्याला गप्प केलं. काकांनी दुपट्टा खांद्यावर टाकला, मला हात जोडले, आणि गुडघा सांभाळत एकटेच रस्ता ओलांडून गेले.